नावावरून कळत नसेल तर मायना काय लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विमा कार्यालयाच्या ग्राहक कक्षात रोज बरीच पत्रे लिहावी लागतात आणि तेवढेच दूरध्वनी घ्यावे लागतात. त्यांतल्या काहींच्या बाबतीत समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे नावावरून, आवाजावरून आणि कधी कधी प्रत्यक्ष भेटीतही उमगत नाही. अशा वेळी अपमान होऊ न देता, पण कोरडेपणाही येऊ न देता त्या व्यक्तीला संबोधावे कसे? तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे, ‘महोदय/महोदया’ लिहावे आणि मोकळे व्हावे. तुम्हाला ते पटत नाही, आणि मलाही पटत नाही. मी सत्तावीस वर्षे मराठी पत्रव्यवहारात आहे. आधी आवक-जावक नोंदवही सांभाळली, मग बँका आणि पतसंस्थांसाठी मसुदे लिहिले, आणि गेली काही वर्षे कर्मचाऱ्यांना पत्रलेखन आणि दूरध्वनीवरचे बोलणे शिकवते. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. स्त्री की पुरुष याचा अंदाज बांधून संबोधणे हीच मूळ चूक असते, आणि असा अंदाज न बांधताही पूर्ण आदराने बोलण्याची सोय मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. इंग्रजी आणि हिंदी मसुद्यांवरून भाषांतरे करता करता ती आपल्या हातून निसटत चालली आहे.

आधी नावांचे पाहू. किरण, स्नेहल, शशी ही नावे महाराष्ट्रात मुलांचीही असतात आणि मुलींचीही. शीतल हे नाव पुण्या-मुंबईत ऐकले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुलगी येते, परंतु कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन कुटुंबांत शीतल हे पुरुषाचे नाव सर्रास असते, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. कमल आणि सुमन ही आपल्याकडे आजीच्या पिढीतली बायकांची नावे, पण उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांत याच नावाचे पुरुष भेटतात. मधले नाव काही तरी सांगेल, अशी अनेकांची समजूत असते. ते काहीच सांगत नाही, कारण मधल्या जागी वडिलांचे नाव असो की पतीचे, ते पुरुषाचेच असते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्याने घेतला, तो मला मनापासून आवडला. पण ‘किरण’नंतर आईचे नाव आले म्हणून किरण मुलगा की मुलगी, हे कळत नाही. शिवाय अनेक जण नावाऐवजी नुसती आद्याक्षरे लिहितात. तुमच्या प्रश्नाखालीही आद्याक्षरेच आहेत, आणि हे उत्तर लिहिताना तुम्ही कोण, हे जाणून घेण्याची गरज मला एकदाही भासलेली नाही.

एक प्रसंग सांगते, कारण माझे शिक्षण तिथून सुरू झाले. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. एका खातेदाराचे नाव स्नेहल होते. अर्जावर ‘श्री./श्रीमती’ असे छापलेले होते आणि त्यांतले काहीच खोडलेले नव्हते. मी ‘श्री.’ गृहीत धरले. कर्जमंजुरीचे पत्र, पहिल्या हप्त्याचे स्मरणपत्र आणि नंतर विम्याच्या नूतनीकरणाचे पत्र अशी तीन पत्रे ‘श्री. स्नेहल’ यांना गेली. चौथ्या महिन्यात एक बाई ती तिन्ही पाकिटे घेऊन खिडकीशी आल्या. आवाज न चढवता त्यांनी पाकिटे ओळीने मांडली आणि म्हणाल्या, “कर्ज मी घेतलंय, हप्ते मी भरते, आणि पोस्टमन प्रत्येक वेळी पाकीट माझ्या नवऱ्याच्या हातात देतो. त्यालाही वाटतं, पत्र घरातल्या पुरुषाचंच असणार.” माझ्या दृष्टीने ती दोन अक्षरांची चूक होती. त्या बाईंच्या दृष्टीने स्वतःच्या कमाईवर घेतलेले कर्ज घराच्या दारातच दुसऱ्याच्या नावावर जात होते. त्या दिवसापासून नावाआधी काही लावण्यापूर्वी माझा हात थांबतो.

आता पत्राच्या मायन्याकडे येऊ. जुन्या मराठी पत्रांत मायन्याची एक सुरेख व्यवस्था होती. पुरुषाला ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री लिहीत, विवाहित स्त्रीला ‘सौ.’ लिहीत, हे खरे. पण त्याच्या खालची ओळ नीट पाहा. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, धाकट्याला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. या ओळींत नाते आहे, वयाचा मान आहे, जिव्हाळा आहे, आणि स्त्री-पुरुष भेद कुठेच नाही. वडीलधाऱ्यांना लावले जाणारे ‘ती.’ (तीर्थरूप) सुद्धा बाबांना आणि आईला सारखेच लागते. पाकिटावर आणि पत्राच्या डोक्यावर येणारे ‘यांस’ हे रूप तर आपल्या कामासाठी घडवले असावे इतके चपखल आहे. ‘प्रति, किरण देशमुख यांस’ आणि त्याखाली ‘सप्रेम नमस्कार’ एवढे लिहिले की मायना पूर्ण होतो. त्यात काही गाळल्यासारखे वाटत नाही, काही टाळल्यासारखेही वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ‘सप्रेम’ हा शब्द विम्याच्या पत्रात जास्त सलगीचा वाटतो. त्यांनी ‘सादर नमस्कार’ लिहावे, किंवा नुसते ‘नमस्कार’ लिहून स्वल्पविराम द्यावा.

नावाआधी काही तरी लावलेच पाहिजे, असा तुमच्या कार्यालयाचा आग्रह असेल, तर ‘मा.’ लावा. माननीय, आदरणीय, सन्माननीय ही विशेषणे मराठीत समोरची व्यक्ती कोण यावरून बदलत नाहीत. सरकारी पत्रव्यवहारात ‘मा.’ फक्त पदाधिकाऱ्यांना लावतात, अशी एक समजूत आहे, पण ग्राहकाला मान द्यायला कोणत्याही परिपत्रकाची अडकाठी नाही. पदाने संबोधता येत असेल तेव्हा तर प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्रात २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, आणि तरीही ‘मा. सरपंच’ हा मायना जसाच्या तसा चालत राहिला. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा हा शब्द स्त्रीला कसा लावायचा, यावर बरीच चर्चा झाली. पदनाम बदलले नाही आणि आज ते कुणाच्या कानाला खटकतही नाही. तुमच्या कामात खातेदार, विमाधारक, अर्जदार, सभासद हे शब्द याच जातीचे आहेत.

‘महोदय/महोदया’ मला का नको वाटते, तेही सांगते. ती तिरकी रेघ वाचणाऱ्याला सांगते की आम्ही तुमच्याविषयी दोन शक्यता धरल्या आणि त्यांतली एक निवडण्याचे कष्ट घेतले नाहीत. ज्या व्यक्तीला या दोन्हींपैकी कुठल्याच खान्यात स्वतःला बसवायचे नाही, तिला तर ती रेघ दारच बंद करते. खरोखरच कुणाच्या हाती पत्र पडेल हे माहीत नसताना, म्हणजे एखाद्या विभागाला पत्र लिहिताना, ते एक वेळ चालेल. नाव माहीत असताना ते लिहिणे म्हणजे नाव वाचलेच नाही असे कबूल करणे होय.

‘श्रीमती’च्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती खास आपल्याकडची आहे. सरकारी रिवाजात आता सर्व स्त्रियांना ‘श्रीमती’ लिहितात आणि ते योग्यच आहे. पण अनेक घरांत, विशेषतः वयस्कर पिढीत, ‘सौ.’ म्हणजे सधवा आणि ‘श्रीमती’ म्हणजे विधवा हीच सवय घट्ट आहे. नवरा शेजारी बसलेला असताना ‘श्रीमती’ लिहिलेले पत्र आले म्हणून रागावलेल्या बाई मी पाहिल्या आहेत, आणि नवरा जाऊन महिना झालेला नसताना ‘सौ.’ लिहिलेले पत्र पाहून रडलेल्या बाईही पाहिल्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याचा प्रस्ताव राज्य सरकारकडून पुढे आला, तेव्हा त्यावर किती टीका झाली हे अनेकांना आठवत असेल. म्हणजे समोरची व्यक्ती स्त्री आहे हे नक्की ठाऊक असले, तरी उपपद लावताना आपण तिच्या वैवाहिक स्थितीत पाऊल टाकतोच. उपपद न लावता पूर्ण नाव लिहिणे आणि पुढे ‘यांस’ जोडणे हा मार्ग या दोन्ही खड्ड्यांच्या बाजूने जातो.

मायना जमला की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे क्रियापदांत असते, आणि बहुतेक कर्मचारी तिथेच घसरतात. मराठीत ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ असा भेद आहे, पण ‘तुम्ही आलात’ म्हटले की तो नाहीसा होतो. ‘आलात, बसलात, पोहोचलात, निघालात’ ही रूपे दोघांनाही सारखीच लागतात. हिंदीत ‘आप कब आए’ आणि ‘आप कब आईं’ असे निवडावेच लागते. मराठीने ती सक्ती केलेली नाही. मात्र ही ‘लात’ची रूपे बोलण्यातून मागे पडत चालली आहेत. ‘तुम्ही कधी आले?’ आणि ‘तुम्ही कधी आल्या?’ असे सगळीकडे ऐकू येते आणि त्याबरोबर गेलेला भेद परत येतो. मी कुणाच्या बोलीला नावे ठेवत नाही, घरात जसे बोलतो तसे बोलावे. पण कार्यालयात ‘कधी आलात?’ हे रूप जपावे, कारण ते शुद्ध तर आहेच, शिवाय कुणावर काही लादत नाही.

ज्यात सहायक क्रियापद जोडलेले असते, त्या रूपांत मात्र सावध राहावे लागते. ‘आपण आला होता’ आणि ‘आपण आल्या होत्या’, ‘आपण पात्र ठरला आहात’ आणि ‘आपण पात्र ठरल्या आहात’, इथे निवड करावी लागते. विशेषणांचेही तसेच. ‘तुम्ही कसे आहात?’ हा तर रोजचा प्रश्न, आणि तो स्त्रीला विचारायचा तर ‘कशा आहात?’ असा होतो. यावर उपाय सोपा आहे: वाक्याचा कर्ता बदलावा. व्यक्तीऐवजी तिची वस्तू, तिचे काम, तिची प्रकृती पुढे आणावी. ‘आपली तब्येत कशी आहे?’, ‘काल आपली भेट झाली’, ‘आपली निवड झाली आहे’. शाळेत शिकलेले प्रयोग इथे कामाला येतात. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, म्हणून तिथे धोका असतो. कर्मणीत ते कर्मामागे जाते, म्हणून ‘आपण अर्ज केला’, ‘आपण रक्कम भरली’ ही वाक्ये कुणालाही लागू पडतात. भावे प्रयोगात ते कुणाच्याच मागे जात नाही, म्हणून ‘आपण कार्यालयात यावे’, ‘आपण थोडे थांबावे’ यांत अडचण नाही.

गेल्या वर्षी एका संस्थेने मला तपासायला दिलेला संदेश असा होता: ‘प्रिय महोदय/महोदया, आपण आमच्या सेवेसाठी यशस्वीरित्या नोंदणीकृत झाला आहात. आपण आमच्या कुटुंबाचे सदस्य बनला आहात याचा आम्हाला आनंद आहे.’ परभाषेतल्या मजकुराला मराठी शब्द चिकटवल्यावर असेच होते. त्यात ‘झाला आहात’ आणि ‘बनला आहात’ यांनी प्रत्येक ग्राहक पुरुष ठरवून टाकला आहे. मी तो असा केला: ‘नमस्कार. आपली नोंदणी झाली आहे. आपला सभासद क्रमांक खाली दिला आहे. काही अडचण आल्यास याच दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.’ संदेश थोडा लहान झाला, कुणाचे लिंग त्यात राहिले नाही, आणि मराठीही परत आली. एक इशारा मात्र देते. भेद टाळण्याच्या नादात सगळीकडे ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’ असे लिहू नका. ‘आपला दावा मंजूर करण्यात आलेला असल्याचे कळविण्यात येत आहे’ या वाक्यात अपमान कुणाचाच नाही, पण माणूसही कुणी नाही. ‘आपला दावा मंजूर झाला आहे’ एवढे पुरते.

दूरध्वनीवर लोक आवाजाला फसतात. खोल आवाजाच्या बाईंना ‘सर’ आणि पातळ आवाजाच्या तरुणाला ‘मॅडम’ म्हटले जाते, आणि ते ज्यांच्या वाट्याला रोज येते त्यांना ते रोज बोचते. इथे माझा पहिला नियम असा की पहिल्या दोन वाक्यांत संबोधन वापरूच नये. ‘नमस्कार, किरण देशमुख आहेत का?’ असे विचारावे. ‘आहेत’ हे रूप कुणालाही चालते. घरातल्या दुसऱ्या कुणी फोन उचलला असेल, तर उत्तर येते, ‘त्या बाहेर गेल्यात’ किंवा ‘ते कामावर आहेत’. ज्यांचा फोन त्यांनीच उचलला असेल तर ‘हो, बोलतोय’ किंवा ‘बोलतेय’ असे येते. मराठी माणूस स्वतःविषयी बोलताना बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात स्वतःच सांगून टाकतो. आपण फक्त ऐकायचे असते. माझ्या अनुभवात गडबड होते ती ऐकण्याआधी बोलण्याच्या घाईमुळे.

या नियमालाही अपवाद आहेत आणि ते ठाऊक असावेत. कोल्हापूरकडच्या अनेक मुली आणि बायका स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. ती तिथली बोली आहे, त्यावरून काही ठरवू नये. ‘मी हप्ता भरला’, ‘मी पत्र पाठवलं’ या वाक्यांवरूनही काही कळत नाही, कारण इथे क्रियापद हप्त्याच्या आणि पत्राच्या मागे गेलेले असते. ज्यांची मातृभाषा बंगालीसारखी, म्हणजे क्रियापदात स्त्री-पुरुष भेद न करणारी आहे, त्यांचे मराठी बोलताना ‘आलो’ आणि ‘आले’ अदलाबदलीने होत राहते. म्हणून ऐकलेले ध्यानात ठेवावे, पण एका शब्दावरून निकाल देऊ नये. शेवटपर्यंत कळले नाही, तरी बिघडत काहीच नाही. ‘आपण’, ‘आपल्याला’, ‘आपली पॉलिसी’ एवढ्यावर पूर्ण संभाषण होते.

प्रत्यक्ष भेटीत हाक कशी मारावी, हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यांत जवळचा भाग. आपल्या रस्त्यांवर याची उत्तरे रोज ऐकू येतात. एसटीचा वाहक गच्च भरलेल्या गाडीत ‘तिकीट कुणाचं राहिलंय?’ असे विचारतो. रिक्षावाला ‘कुठे जायचंय?’ म्हणतो, भाजीवाली ‘काय देऊ?’ म्हणते. त्यांनी व्याकरण शिकलेले नसेल, पण अनोळखी माणसाशी बोलण्याची मराठी रीत त्यांच्या जिभेवर आहे: प्रश्न तिकिटाविषयी, जाण्याविषयी, घेण्याविषयी, माणसाविषयी नाही. तुमच्या खिडकीवर ‘पुढचे सर, या’ असे म्हणण्यापेक्षा ‘पुढचा नंबर कुणाचा आहे? या, बसा’ असे म्हणावे. ‘या’ आणि ‘बसा’ यांत आदर पूर्ण आहे.

आणि कुणी पावती विसरून दाराकडे निघाले असेल, तर? तिथे ‘अहो’ आहे. ‘अरे’ पुरुषासाठी, ‘अगं’ स्त्रीसाठी, पण ‘अहो’ सगळ्यांसाठी. ‘अहो, पावती राहिली आपली!’ या हाकेत सगळे आले. पूर्वी बायका नवऱ्याला ‘अहो’ म्हणत, म्हणून काही तरुण कर्मचाऱ्यांना, विशेषतः मुलींना, ही हाक अवघड वाटते, ‘एक्स्क्यूज मी’ बरे वाटते. मी त्यांना आवर्जून सांगते की ‘अहो’ ही आदराची सर्वसाधारण हाक आहे आणि ती कुणा एका नात्याच्या मालकीची नाही. दोन-तीन दिवस वापरली की जीभ वळते.

दादा, ताई, काका, मावशी ही नात्यांची संबोधने मला फार प्रिय आहेत. पण जिथे स्त्री की पुरुष हेच कळत नाही, तिथे ती बाजूला ठेवावी, कारण त्यांत वयाचा अंदाजही गुंतलेला असतो. चाळिशीच्या व्यक्तीला ‘मावशी’ म्हटल्यावर उमटणारी नाराजी तुम्ही नक्कीच पाहिली असेल. ‘जी’ लावण्याची हिंदी पद्धत, म्हणजे ‘किरणजी’, आता मराठीतही रुळली आहे. कानाला ती मला थोडी परकी लागते. पण ती आदराची आहे आणि भेद करत नाही, म्हणून मी ती कुणाच्या पत्रातून खोडत नाही.

तिसऱ्या व्यक्तीविषयी लिहिताना, म्हणजे टिपणीत, इतिवृत्तात किंवा वरिष्ठांना निरोप देताना, वेगळी युक्ती लागते. ‘किरण देशमुख म्हणाले’ की ‘म्हणाल्या’? ‘ते’ की ‘त्या’? इथे विभक्तीचा आधार घ्यावा. त्यांनी, त्यांना, त्यांचे, त्यांच्याकडे, यांनी, ज्यांनी ही सर्व अनेकवचनी रूपे दोघांनाही समान आहेत. ‘किरण देशमुख यांनी सांगितले’, ‘त्यांचे म्हणणे असे की’, ‘त्यांना पावती दिली’ असे लिहीत गेले की पानभर टिपणी होते आणि कुठे अडत नाही. ‘उपस्थित होते’ याऐवजी ‘यांची उपस्थिती होती’. ‘व्यक्ती’ हा शब्दही उपयोगी आहे. तो व्याकरणाने स्त्रीलिंगी असल्याने ‘ती व्यक्ती आली होती’ असे कुणाहीविषयी लिहिता येते.

आता नाजूक भागाकडे येते आणि तिथे थोडी थांबणार आहे. बाहेर कुणीतरी आले आहे, दिसत नाही, तेव्हा आपण ‘कोण आलंय?’ असे नपुंसकलिंगात विचारतो. त्यात कुणाचा अनादर नसतो. म्हणून मला एका प्रशिक्षणात विचारले गेले की लिंग कळत नसेल तेव्हा सरळ नपुंसकलिंग का वापरू नये. उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. न दिसणाऱ्या माणसाविषयी ‘आलंय’ चालते, पण समोर उभ्या असलेल्या प्रौढ माणसाविषयी ‘ते बघ, ते आलंय’ असे म्हणणे म्हणजे त्याला माणसांतून काढून वस्तूंत टाकणे आहे. तृतीयपंथी व्यक्तींना चिडवण्यासाठी हेच रूप वर्षानुवर्षे वापरले गेले आहे, हे विसरता कामा नये. ‘ते आले’ आणि ‘ते आलं’ यांत सर्वनाम एकच आहे. आदर आणि अवहेलना क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात आहे. परदेशात शिकलेली काही तरुण मंडळी इंग्रजीच्या धर्तीवर सगळ्यांसाठी ‘ते’ सुचवतात. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु मराठीत आदरार्थी ‘ते आले’ हे पुरुषाचेच रूप ऐकू येते, म्हणून ज्यांनी स्वतःहून ते मागितले असेल त्यांच्यासाठीच ते वापरावे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. त्या खटल्यात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या अर्जांत तृतीय लिंगाचा पर्याय देण्यास कळवले. अर्जात रकाना आला, पण खिडकीवरचे बोलणे त्या वेगाने बदलले नाही. कागदावर एक नाव आणि समोर दुसरा पेहराव दिसला की कर्मचारी गोंधळतो आणि मोठ्याने विचारतो, ‘हे तुमचंच आहे का?’ मागच्या रांगेतल्या दहा जणांच्या माना वळतात. त्यापेक्षा कागद आपल्याकडे वळवून हळू आवाजात ‘ओळखपत्र आणि अर्जातलं नाव जुळवून घेऊया’ असे म्हणावे. नोंद तपासणे तुमचे काम आहे, ते करावेच, पण ते दोघांत ठेवावे. ती व्यक्ती स्वतःला ‘मी आले होते’ म्हणत असेल, तर तुमचे बोलणेही त्याच रूपात असावे. ओळखपत्रावर काही वेगळे छापलेले असले तरीही. सौजन्यासाठी दाखला मागायचा नसतो.

काही वेळा विचारावेच लागते, उदाहरणार्थ आमंत्रणपत्रिकेवर किंवा सन्मानपत्रावर नाव छापायचे असेल तेव्हा. ‘तुम्ही बाई आहात की पुरुष?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. प्रश्न नावाविषयी असावा: ‘पत्रावर आपलं नाव कसं लिहू?’ हा प्रश्न कुणालाच खुपत नाही, कारण तो सगळ्यांनाच विचारता येतो, आणि तो खरोखर सगळ्यांनाच विचारावा, फक्त ज्यांच्याविषयी शंका आहे त्यांना नाही. उत्तरात माणसे हवे ते सगळे सांगतात. कुणी म्हणते ‘डॉक्टर लावा’, कुणी म्हणते ‘सौ. नको, नुसतं नाव’, कुणी माहेरचे आडनाव सांगते.

आणि चुकलात तर? ‘माफ करा’ म्हणावे, लगेच योग्य शब्द वापरून तेच वाक्य पुन्हा म्हणावे आणि काम पुढे न्यावे. लांबलचक दिलगिरी, ‘आवाजावरून मला तसं वाटलं’ असली स्पष्टीकरणे देऊ नयेत. त्यांनी चूक धुतली जात नाही, उलट त्या व्यक्तीलाच तुमची समजूत घालत बसावे लागते. मात्र खिडकीवरून ती व्यक्ती गेल्यावर एक काम न चुकता करावे: संगणकातली नोंद उघडून तिथला ‘श्री.’ खरोखर काढावा. स्नेहल यांच्या बाबतीत मी तोंडी माफी मागितली होती, पण नोंद दुरुस्त करायची राहिली, आणि चौथे पत्रही ‘श्री.’ लावूनच गेले. त्यानंतर मी आमच्या नोंदवहीत नावाशेजारी ‘पत्रावर नाव असे लिहावे’ असा एक रकाना आखून घेतला. तुमच्या प्रणालीत तसा रकाना नसेल, तर शेरा लिहिण्याची जागा नक्की असेल. उद्या पहिल्या ग्राहकाला विचाराल तेव्हा उत्तर तिथे, त्यांनी सांगितले त्याच अक्षरांत, लिहून ठेवा.